ध्वनिक्षेपकामागचा माणूस

एखादा नवा माणूस पेणला किंवा रोह्याला बिऱ्हाड करून राहिला, की आपण त्याच्याबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो 'काय करतो' हा नव्हे, 'कुणापैकी?' हा. ह्या एका शब्दात कुळ, गाव, सोयरीक, वागणूक आणि पत ह्या सगळ्यांची चौकशी येते. माणसाचे बोलणे ऐकण्याआधी त्याचे घर पाहून घ्यावे, ही आपली जुनी रीत आहे. ती चांगली की वाईट हा वाद आज मला घालावयाचा नाही. परंतु ज्या दिवशी आपल्या घरात पहिल्यांदा असा आवाज शिरला की ज्याला घर नव्हते, चेहरा नव्हता आणि 'कुणापैकी' ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, त्या दिवशी ह्या रीतीचे काय झाले, ही गोष्ट इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. तो आवाज म्हणजे नभोवाणीचा, आणि त्यातल्या त्यात सकाळचा.

सकाळचा म्हणण्याला कारण आहे. संध्याकाळी माणूस करमणुकीसाठी ऐकतो. सकाळी तो धड जागाही झालेला नसतो. चूल पेटत असते, मुलांच्या अंघोळी चालू असतात आणि अशा बेसावध वेळी जो आवाज कानी पडतो तो घरच्यासारखा होऊन बसतो. नभोवाणीच्या पूर्वी हा मान वासुदेवाचा होता. मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या. तो दारात उभा राही, आपल्याला दिसे, आणि सूपभर तांदूळ घेऊन पुढच्या दाराशी जाई. कीर्तनकारबुवांचेही तसेच. रात्री देवळात त्यांनी वैराग्यावर पूर्वरंग रंगवावा आणि सकाळी ज्याच्या पडवीत ते उतरले असतील त्याने पाहावे, की बुवा पहाटे किती वाजता उठतात, मोलकरणीशी कसे बोलतात आणि बिदागीच्या वेळी किती घासाघीस करतात. व्यासपीठावरचा माणूस आणि व्यासपीठाखालचा माणूस ह्यांच्यामध्ये फार तर एका रात्रीचे अंतर असे. दुपारपर्यंत निकाल लागलेला असे आणि पुढच्या वर्षी त्या बुवांना बोलवावयाचे की नाही, हे त्यावर ठरे.

मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय आयर्विन ह्यांच्या हस्ते सुरू झाले. तीन वर्षांत कंपनी बुडाली, सरकारने धंदा आपल्याकडे घेतला आणि 1936 साली त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव 1 जानेवारी 1981 पासूनचे. मुंबई डोळ्यांना दिसावी इतकी जवळ, पण जाण्यायेण्याला धरमतरच्या बंदराची आणि भरती-ओहोटीची मर्जी सांभाळावी लागे. रेल्वे रोह्याला पोहोचली ती 1986 साली. आवाजाला मात्र धरमतरला थांबावे लागत नसे. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून सुखाने प्रवास करतात, आणि मुंबईच्या व आपल्या मध्ये खाडी आणि समुद्रच तर आहे! वर्तमानपत्र यावयाच्या कितीतरी आधी आवाज येई. ज्याच्या घरी संच असेल त्याने पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावयाचे, माडीवर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणावयाची आणि खिडकी उघडी ठेवावयाची. ऐकणारी मात्र सगळी आळी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तर ही सोय फारच उपयोगी. शाडूत हात गुंतलेले, डोळे सोंडेच्या वळणावर खिळलेले, कान तेवढे मोकळे.

ह्या सकाळची सुरुवात एका धुनेने होई. तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची ती छोटीशी ओळ आजही कुणी गुणगुणली, तर साठीपलीकडची माणसे एकदम गप्प होतात. ही धून वॉल्टर कॉफमन ह्यांची मानली जाते. कॉफमन 1907 साली बोहेमियातल्या कार्ल्सबाडला जन्मले. ते ज्यू होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला तेव्हा युरोपात आपले काही खरे नाही हे ओळखून ते 1934 साली मुंबईला आले, आणि पुढे बरीच वर्षे त्यांनी मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. 1946 नंतर ते इंग्लंड, कॅनडा असे करीत अमेरिकेत गेले आणि तिथे संगीताचे प्राध्यापक झाले. म्हणजे आपल्या चुलीपाशी रोज सकाळी जो सूर येऊन बसत होता, तो एका निर्वासिताचा होता. 'कुणापैकी?' असे आपण विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, ह्याची कल्पना करून पाहा. पण कुणी विचारले नाही. नभोवाणीने दिलेली ही पहिली सूट होय.

ही सूट ऐकणाऱ्यांनी दिली. सरकारने दिली नाही. 1946 च्या सप्टेंबरात हंगामी सरकार आले आणि माहिती व नभोवाणी हे खाते सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांच्या आदेशाने असे ठरले, की ज्यांचे खासगी जीवन हा लोकापवादाचा विषय झाला आहे अशा कलावंतांना नभोवाणीवर घेऊ नये. सरदारांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. राष्ट्राची वाणी शुद्ध असावी असे त्या पिढीतील पुष्कळ थोर माणसांना वाटत होते. परंतु नियमाचे शब्द लक्षपूर्वक पाहिले पाहिजेत. 'जीवन वाईट' असे त्यात म्हटलेले नाही. 'लोकापवाद' असे म्हटले आहे. म्हणजे न्यायाधीश कोण, तर कुजबूज. आणि कुजबूज कोणाची होते, हे आपल्यासारख्या लहान गावांत राहणाऱ्यांना सांगावयास नको. पुरुष गवय्याच्या बाहेरख्यालीपणाची गोष्ट चहाबरोबर हसण्यावारी जाते. गाणाऱ्या बाईचे नुसते आडनाव पुरते. तेव्हा हा नियम लागू झाला तो मुख्यतः कोठीवरच्या, पिढ्यान्‌पिढ्या गाणे सांभाळत आलेल्या स्त्रियांना. ज्यांच्या गळ्यांतून आपल्या संगीताचा एक मोठा हिस्सा विसाव्या शतकापर्यंत येऊन पोहोचला, त्यांनाच राष्ट्राच्या वाणीचे दार लावले गेले.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अख्तरीबाई फैजाबादी ह्या नावाने जी गायिका देशभर गाजली होती, तिने 1945 साली लखनौच्या एका बॅरिस्टरांशी विवाह केला आणि गाणे बंद झाले. 1949 साली लखनौच्या नभोवाणी केंद्रावरून ती पुन्हा गाऊ लागली, आणि आता तिचे नाव होते बेगम अख्तर. गळा तोच, आवाजातली ती प्रसिद्ध मोडलेली पत्तीही तीच. बदलले होते ते नाव आणि घर. आमच्याकडे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या तेव्हा त्यांना साधा वेश, निश्चल बैठक आणि हावभावांचा कटाक्षाने त्याग ह्यांच्या आधारे आपली प्रतिष्ठा आधी डोळ्यांना पटवून द्यावी लागली. मग कान उघडले. नभोवाणीत डोळ्यांचे काम नव्हते. त्या एका माध्यमात तरी बाईला नुसत्या गळ्यावर उभे राहता आले असते, आणि नेमके तिथेच तिच्या घराची चौकशी सुरू झाली, हे मला ह्या प्रकरणातले सर्वांत दुःखद वाटते.

तिकडे विलायतेत ह्याच काळात आवाज आणि माणूस ह्यांची सांगड वेगळ्याच कारणाने घातली गेली. बी.बी.सी.चे निवेदक पूर्वी नाव सांगत नसत. 1940 साली जर्मन आक्रमणाची भीती उभी राहिली आणि शत्रूने खोटा आवाज काढून खोटी बातमी दिली तर ती ओळखता यावी, म्हणून बातमी वाचणाऱ्याने आपले नाव सांगावे असे ठरले. तिथे नाव म्हणजे हमी, अब्रूचा दाखला नव्हे. उलट बाजूला बर्लिनहून इंग्रजीत प्रचार करणारा विल्यम जॉइस. युद्ध संपल्यावर जर्मनीतल्या एका रानात तो दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांशी सहज बोलला आणि त्या आवाजावरून पकडला गेला! जानेवारी 1946 मध्ये त्याला फाशी झाली. आवाजावरून माणूस ओळखता येतो तो एवढाच. तो चांगला की वाईट, हे आवाज सांगत नाही.

आपल्या निवेदकांची रीत दीर्घकाळ निनावीच होती. बातम्या वाचणारा नाव सांगे. परंतु सकाळी सहा वाजता तिथी-वार सांगून भक्तिगीते लावणारा जो कोणी असेल तो फक्त 'आकाशवाणी' असे. त्याचे नाव श्रोत्याला ठाऊक नसल्यामुळे त्याच्या चारित्र्याची चर्चाही होत नसे. चर्चा होई ती उच्चारांची. 'च' आणि 'ज' ह्यांचे दोन-दोन उच्चार तो बरोबर करतो का, 'श' आणि 'ष' वेगळे ठेवतो का, आणि मुख्य म्हणजे वेळेवर येतो का. वेळेवर येणे हा त्या आवाजाचा सगळ्यांत मोठा सदाचार होता. घरातले घड्याळ मागे पडले तर दोष घड्याळाचा, असा विश्वास त्या निनावी माणसाने कमावला होता. मला वाटते, ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याकडून मागावे असे चारित्र्य ह्यात पुष्कळसे आले.

1952 साली हे खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्या मराठी माणसाकडे आले आणि दहा वर्षे राहिले. शास्त्रीय संगीताचा कैवार घेणारा असा मंत्री पुन्हा झाला नाही. परंतु चित्रपटगीतांवर त्यांनी जो कटाक्ष ठेवला त्याने लोक शास्त्रीय संगीताकडे न वळता सिलोनकडे वळले. सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी आणि शेवटी सैगलचे एक, हा सिलोनचा नेम मोडणे घराघरांत अशुभ मानले जाऊ लागले. सिलोनचे निवेदक नाव सांगत, हसत, श्रोत्यांना भाऊ-बहीण म्हणत. त्यांच्यातला सर्वांत लाडका अमीन सयानी. त्याची कीर्ती बुधवारच्या रात्रीच्या कार्यक्रमाची, पण पडद्यामागची हकीकत निराळी आहे. त्याची आई कुलसुम सयानी प्रौढसाक्षरतेच्या कार्यकर्त्या होत्या आणि गांधीजींच्या प्रेरणेने 'रहबर' नावाचे एक पत्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत काढीत. त्या पत्राच्या कामात मुलगा लहानपणी हाताखाली राबला. नुकत्याच लिहावाचायला शिकलेल्या माणसाला कळेल अशी भाषा तो तिथे शिकला. पुढे ज्या गोड, सोप्या बोलीवर सारा देश भुलला तिचे मूळ करमणुकीत नव्हते. आईच्या साक्षरतेच्या कामात होते. चित्रपटगीतांना हलके समजणाऱ्यांना हे ठाऊक असते तर?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पुण्याचे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. तेथील अधिकारी सीताकांत लाड ह्यांच्या कल्पनेतून 1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ वाजता गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. आठवड्याला एक गीत, शनिवारी-रविवारी त्याचे पुनःप्रसारण. बावन्न गीतांचा बेत होता. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे छप्पन्न झाली आणि 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला मालिका संपली. त्या सकाळी लोकांनी संचाला हार घातले, उदबत्त्या लावल्या, हे तर सर्वश्रुत आहे. ज्या पेटीवर कालपरवापर्यंत भाजीचे भाव आणि हवामान येत होते तिची पूजा व्हावी, इतका तो आवाज पवित्र मानला गेला.

आणि पडद्यामागे काय चालले होते? पहिल्याच गीताची हकीकत अशी सांगतात, की माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला. ध्वनिमुद्रणाची वेळ झालेली. कवी संतापले. लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, आणि थोड्याच वेळात गीत पुन्हा लिहून झाले. ज्यांनी घरी उदबत्त्या लावल्या त्यांना ही धांदल कळली असती तर भाव उणावला असता काय? मला तसे वाटत नाही. हार पेटीला घातला तरी पूजा त्या कडी लावलेल्या खोलीतल्या श्रमाचीच होती.

फडक्यांचे मूळ नाव राम. कोल्हापूरला 25 जुलै 1919 रोजी जन्म. तरुणपणी गाण्याच्या जोरावर अन्न मिळवीत त्यांनी उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, उपास काढले. कोमल, किंचित थरथरता, अतिशय सौम्य असा त्यांचा आवाज. असा आवाज ऐकून आपण मनाशी एक माणूस कल्पितो: भित्रा नसला तरी मवाळ, पेटी सोडून कुठे न जाणारा. प्रत्यक्षात गीतरामायण सुरू होण्यापूर्वी आठच महिने हा गृहस्थ पोर्तुगिजांच्या ताब्यातील दादरा-नगरहवेलीच्या सशस्त्र मुक्तिसंग्रामात सामील झाला होता. 1954 च्या जुलैअखेरीस निरनिराळ्या गटांनी तो मुलूख एकेक ठाणे करीत घेतला आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाली. त्या मोहिमेला पैसा लागत होता, म्हणून लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठरवून निधी उभा करण्याच्या खटपटीत फडके होते. पुढे गोव्याच्या लढ्यातील मोहन रानडे ह्यांना पोर्तुगिजांनी लिस्बनजवळच्या तुरुंगात डांबले. गोवा 1961 साली मुक्त झाला, तरी हा एक माणूस सुटेना. त्याच्या सुटकेसाठी फडक्यांनी समिती चालवली, उंबरठे झिजवले. 1969 च्या जानेवारीत रानडे सुटले. सकाळी आपण ज्याच्या आवाजात रामाचा वनवास ऐकत होतो, तो दिवसभर दुसऱ्या एकाच्या वनवासाचा पाठपुरावा करीत होता आणि त्याबद्दल ध्वनिक्षेपकावर चकार शब्द काढीत नव्हता.

त्यांच्या राजकीय मतांशी सर्वांचे पटेल असे नाही. माझेही सर्वत्र पटत नाही. ग्राहक पंचायतीच्या उभारणीत त्यांनी घातलेले लक्ष मात्र कोणालाही आवडावे असे आहे. कीर्तीच्या शिखरावरचा गायक किराणामालाच्या वजनमापांची चिंता करतो आहे, हे दृश्य मला तरी फार मोलाचे वाटते. सावरकरांवर चित्रपट काढण्याचा ध्यास त्यांनी उतारवयात कितीतरी वर्षे वाहिला. 2001 साली तो पुरा झाला आणि पुढल्याच वर्षी, 29 जुलै 2002 रोजी ते गेले. लोकापवादाच्या नियमाने ह्या माणसाची परीक्षा घेतली असती तर तिला ह्यातले काय दिसले असते? कुजबूज दोष टिपते. असले गुण तिच्या जाळीतून खाली गळून जातात.

गीतरामायणाच्या त्या वर्षातच, 16 जानेवारी 1956 रोजी, त्याच पेटीतून पंडित नेहरूंचा आवाज आला आणि मुंबई केंद्रशासित होणार असे त्याने सांगितले. मुंबई पेटली. आपल्या कुलाबा मतदारसंघाचे त्या वेळचे खासदार म्हणजे रोह्याचे चिंतामणराव देशमुख, देशाचे अर्थमंत्री. त्यांनी ह्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. कोणताही आवाज चढवल्याशिवाय सोडले. नेहरूंच्या आवाजावर ज्यांचे निरतिशय प्रेम होते अशा घरांतही त्या रात्री पेटी बंद झाली असेल. पण शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ती पुन्हा सुरू झाली असणार, कारण रामकथा अर्ध्यावर होती. एकाच पेटीतल्या दोन आवाजांचा हिशेब निरनिराळा ठेवण्याइतके श्रोते शहाणे असतात.

सोंग आणि माणूस ह्यांची गल्लत करण्याइतके ते भोळेही असतात. मुंबई केंद्रावरच्या 'प्रपंच' मालिकेतले टेकाडे भावजी ही बाळ कुडतरकरांची भूमिका. मीनावहिनी नीलम प्रभूंची, प्रभाकरपंत प्रभाकर जोशींचे. ही मंडळी खरीच एका घरातली नव्हेत, हे पुष्कळांना पटतच नसे. कुडतरकरांना आयुष्यभर लोकांनी भावजीच मानले. हेही एक 'कुणापैकी'च. फक्त ह्या वेळी उत्तर गावाने आपले आपणच देऊन टाकले होते: आमच्यापैकी.

पुढे सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या येऊ लागल्या आणि त्यांतला एक आवाज महाराष्ट्राने घड्याळासारखा वापरला. सुधा नरवणे. नाव सांगत असत, त्यामुळे नाव सर्वांना पाठ. ना चढ ना उतार. धरण फुटल्याची बातमी आणि धान्याच्या दराची बातमी त्या एकाच संयमाने वाचीत, आणि तरी दोहोंत फरक कळे. ह्यापलीकडे त्या कोण, कोणाच्या, घरी कशा, हे आमच्या आळीत कुणी विचारल्याचे स्मरत नाही. जो प्रश्न आपण सुनेला, शिक्षिकेला, शेजारणीला, सर्वांना विचारतो, तो ह्या बाईला विचारावा असे कुणाला वाटले नाही. सात-पाचला त्या आल्या, की कुकरची शिट्टी आणि शाळेचे दप्तर आपापल्या जागी लागत. मग 2019 च्या डिसेंबरअखेर देशाच्या नव्या सेनाप्रमुखांचे नाव वर्तमानपत्रांत आले, मनोज मुकुंद नरवणे. वडील हवाई दलात होते, आई आकाशवाणीवर. पेण-रोह्याकडच्या जुन्या श्रोत्यांनी सेनाप्रमुख कुणापैकी हे आपल्या मुलांना समजावून सांगितले ते असे: अरे, तो सात-पाचच्या बातम्यांवाल्या सुधाबाईंचा मुलगा.